खोट्या संताचे खरे भक्त

मध्ययुगात ‘बाखाराखची वाइन’ म्हणून जी वाइन उत्तर युरोपात खपायची, त्यातली बरीचशी बाखाराखमध्ये पिकलेलीच नसायची. ऱ्हाइन नदीच्या डाव्या काठावरचे हे गाव माइन्त्स आणि कोब्लेन्झ यांच्या दरम्यान वसले आहे. त्याच्या थोडे वर, बिंगेनपाशी, नदीच्या पात्रात आडवी खडकांची रांग होती आणि मोठी जहाजे ती ओलांडू शकत नसत. मग वरच्या अंगाच्या गावांतली पिंपे लहान होड्यांतून खाली यायची, बाखाराखच्या धक्क्यावर मोठ्या जहाजांत चढायची आणि कोलोनच्या बाजारात पोचेपर्यंत ‘बाखाराखची’ झालेली असायची. गावाच्या स्वतःच्याही बागा होत्या, आजही आहेत. स्लेटच्या दगडाचे अंगावर येणारे चढ, त्यांवर रीसलिंगच्या वेली आणि पोस्टेन, हान, वोल्फ्सह्योले अशी मळ्यांची जुनी नावे. पण गावाचे नाव झाले ते धक्क्यामुळे. जकातीचा पैसा आला, तटबंदी उभी राहिली, वर श्टालेक किल्ला होताच. चौदाव्या शतकात बाखाराख कागदोपत्री शहरही झाले. आज तिथली वस्ती दोन हजारांच्या आसपास आहे.

पिंपांवरच्या नावाचा तो घोळ निरुपद्रवी होता. परक्या गावाची वाइन बाखाराखची म्हणून प्यायल्याने कुणाचा जीव गेला नाही. याच धक्क्यावरून आणखी एक गोष्ट दूरवर गेली. तिच्यावरचे नाव खोटे होते आणि त्या खोटेपणाची किंमत माणसांनी मोजली. ती गोष्ट म्हणजे एक संत.

खालचे सेंट पीटर चर्च आणि वरचा किल्ला यांच्या मधल्या टेकाडावर तांबड्या वालुकाश्मातले एक देवालय उभे आहे. त्याला छप्पर नाही, खिडक्यांना काचा नाहीत. दगडी कमानी आणि त्यांतली नाजूक नक्षी मात्र अजून शाबूत आहे. जर्मन गॉथिक शैलीतल्या फार देखण्या कामांत त्याची गणना होते. हेच वेर्नर देवालय. ज्याच्या नावाने ते बांधले, तो सोळा वर्षांचा मजूर पोरगा होता.

वेर्नर हुन्सऱ्युकच्या डोंगराळ भागातल्या वोमराट गावचा. १२८७ च्या वसंतात तो ऱ्हाइनकाठच्या ओबरवेझेल या दुसऱ्या वाइन-गावात कामाला होता, आणि कामावर ठेवणारे ज्यू होते. ईस्टरच्या सुमारास त्याचे प्रेत बाखाराखजवळ सापडले. त्याला कुणी मारले, हे तेव्हाही सिद्ध झाले नाही आणि आता होण्याचा प्रश्नच नाही. लोकांना मात्र उत्तर आधीच ठाऊक होते. ख्रिस्ती मुलांचे रक्त काढण्यासाठी ज्यू त्यांना मारतात, हा आळ युरोपात कित्येक दशके फिरत होता. चारच वर्षांपूर्वी, १२८३ मध्ये, माइन्त्समध्ये तो घेतला गेला होता आणि तिथेही ज्यूंचे मुडदे पडले होते. ईस्टर आणि ज्यूंचा वल्हांडण सण एकाच ऋतूत येतात, त्यामुळे दर वसंतात या आळाला जणू मुहूर्तच मिळायचा. वेर्नरचे प्रेत सापडले आणि ओबरवेझेल व बोपार्ड इथे चाळीसएक ज्यूंची कत्तल झाली. मग ही आग ऱ्हाइन आणि मोझेलच्या खोऱ्यांतल्या गावागावांत पसरली.

प्रेत मात्र पवित्र ठरले. पुढे कथेला फाटे फुटले. पोराच्या पोटातला ख्रिस्तप्रसाद परत मिळवण्यासाठी त्याला उलटे टांगले, असे एका आवृत्तीत आले. दुसऱ्या आवृत्तीत मारेकऱ्यांनी देह नदीत टाकला आणि तो प्रवाहाविरुद्ध वाहत बाखाराखला येऊन लागला. गावावरच्या संत कुनिबर्टच्या छोट्या देवळात त्याला पुरले. तिथे दिवे दिसू लागले, आजारी बरे होऊ लागले, नवस फेडायला माणसे येऊ लागली. आलेल्या पैशातून त्याच जागी नवे देवालय उभे राहू लागले.

या प्रकरणात एका माणसाने ‘हे खोटे आहे’ असे ठामपणे सांगितले. तो ना धर्मशास्त्री होता ना साधू. तो होता जर्मन राजा रुडॉल्फ, हाब्सबुर्ग घराण्याच्या थोरवीचा पाया घालणारा. ज्यूंवरचा आरोप त्याने फेटाळला आणि ओबरवेझेल व बोपार्डच्या नागरिकांना जबर दंड केला. कोलमारच्या तत्कालीन वृत्तांतानुसार त्याने माइन्त्सच्या आर्चबिशपला दोन गोष्टी करायला सांगितल्या. ख्रिस्ती लोकांनी ज्यूंवर घोर अन्याय केला, असे जाहीर प्रवचनात सांगायचे आणि भोळे लोक ज्याला देवासारखे पुजतात त्या वेर्नरचा देह जाळून राख उडवून द्यायची. देह जाळला गेला नाही. बांधकाम चालू राहिले.

रुडॉल्फला सत्याचा नायक करायचा मोह होतो, पण इतिहास तो पुरवू देत नाही. कायद्याच्या भाषेत ज्यू हे राजाच्या खजिन्याचे आश्रित होते. त्यांचा कर थेट त्याच्याकडे जायचा, त्यामुळे मारला गेलेला ज्यू म्हणजे बुडालेला कर. या घटनेच्या आदल्याच वर्षी, १२८६ मध्ये, त्याच्या राजवटीतून निसटू पाहणारे थोर धर्मपंडित रब्बी मेयर यांना पकडून त्याच्या हवाली केले गेले. ते १२९३ मध्ये कैदेतच वारले. न्यायासाठी ज्यूंनी राजाला मोठी रक्कम देऊ केली होती, असेही तोच वृत्तांत सांगतो.

म्हणजे चित्र असे दिसते की सत्य जो बोलला त्याचा डोळा खजिन्यावर होता. आणि जी माणसे असत्याला बिलगली त्यांच्यातली कितीतरी निर्मळ मनाने, अनवाणी, आजारी लेकराला कडेवर घेऊन टेकाड चढत होती.

‘देव भावाचा भुकेला’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. पूजेचे मोल पूज्य वस्तूच्या खरेखोटेपणावर ठरत नाही, भक्ताच्या अंतःकरणावर ठरते, असा त्याचा अर्थ. धर्माच्या दुकानदारीविरुद्ध आणि कर्मकांडाच्या अहंकाराविरुद्ध हे तत्त्व सामान्य माणसाच्या फार कामी आले आहे. बाखाराखचे टेकाड मात्र या तत्त्वाला अडचणीत आणते. भाव खरा आणि संत खोटा, अशा वेळी त्या भावाचे काय करायचे?

हा प्रश्न ख्रिस्ती युरोपाला नवा नव्हता. वेर्नरच्या मृत्यूच्या पावणेदोनशे वर्षे आधी, १११५ ते ११२० च्या सुमारास, उत्तर फ्रान्समधल्या नोजाँ मठाचे प्रमुख गिबेर यांनी संतांच्या अवशेषांवर एक धारदार ग्रंथ लिहिला. योहान बाप्तिस्त्याचे मस्तक आपल्याकडे आहे असे दोन ठिकाणचे लोक सांगतात, तेव्हा योहानला दोन डोकी होती की काय, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. बिशप ओदोची गोष्टही ते सांगतात. त्याला एक्झुपेरियस या संताचा देह हवा होता. ज्याच्याकडे मागितला त्याने पैसे घेऊन त्याच नावाच्या एका शेतकऱ्याचा देह उकरून दिला, आणि हा एक्झुपेरियसचाच देह, अशी शपथही घेतली. शपथ अक्षरशः खरी होती. आणखी एक गोष्ट तर वेर्नरच्या कथेची आधीची प्रत वाटावी अशी आहे. एका सरदाराच्या पदरचा पोरगा गुड फ्रायडेला मेला. दिवस पवित्र म्हणून पोरगाही पवित्र ठरला. शेतकरी मेणबत्त्या आणि भेटी घेऊन येऊ लागले, आणि तिथल्या मठाच्या प्रमुखाने देणग्यांकडे पाहून डोळेझाक केली.

गिबेर यांचा निष्कर्ष टोकाचा नव्हता. कुणी एका संताचे म्हणून दुसऱ्याच संताच्या अस्थींपुढे गुडघे टेकले, तर त्याची प्रार्थना वाया जात नाही, असे त्यांनी मानले. सगळे संत ख्रिस्तात एकच आहेत आणि देव मन पाहतो. दोष येतो तो जाणूनबुजून किंवा खात्री न करता लोकांपुढे खोटे मांडणाऱ्याकडे. भोळ्या भक्ताला सूट आणि पुजाऱ्याला जाब, असा हा निवाडा होता.

पुढच्या शतकातले एक उदाहरण या निवाड्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही दाखवते. १२५० च्या सुमारास एतिएन द बूर्बाँ हा डोमिनिकन साधू लियाँच्या उत्तरेकडच्या खेड्यांत फिरत होता. तिथल्या बाया आजारी तान्ह्या मुलांना संत गिनफोरच्या रानात नेतात, असे त्याच्या कानावर आले. चौकशीअंती कळले की हा गिनफोर कुत्रा होता. त्याने पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचवले. मालकाने त्याच्या जबड्याला लागलेले रक्त पाहिले, बाळ मारले असे समजून कुत्र्याला ठार केले आणि मग मेलेला साप दिसला. ब्राह्मणाच्या बायकोची आणि मुंगसाची पंचतंत्रातली कथा ज्याने लहानपणी ऐकली आहे, त्याला ही कथा कुठून कुठे गेली असेल, याचा अंदाज येईल. एतिएनने कुत्र्याची हाडे उकरून जाळली आणि रान तोडले. तरी आया येतच राहिल्या. एकोणिसाव्या शतकातही त्या जागी जाणे थांबलेले नव्हते. इतिहासकार झाँ-क्लोद श्मिट यांनी १९७९ मध्ये या पूजेवर एक आख्खे पुस्तक लिहिले.

कुत्रा आणि मजूर पोरगा, दोघेही रोमने कधी अधिकृत संत न ठरवलेले लोकसंत. एकाची हाडे जाळली, दुसऱ्याची जाळायची राहिली. लोकांनी दोघांनाही धरून ठेवले. मग फरक कुठे आहे?

फरक कथेच्या रचनेत आहे. गिनफोरच्या कथेत चूक मालकाची, म्हणजे सांगणाऱ्यांच्या आपल्यातल्याच एकाची. ती कथा घाईने घेतलेल्या संशयाबद्दल सावध करते. वेर्नरच्या कथेत हौतात्म्य आहे आणि हुतात्म्याला मारेकरी लागतो. वेर्नर आजारी पडून मेला, नदीत बुडाला किंवा दारूच्या नशेतल्या कुणा ख्रिस्ती मजुराने त्याला भोसकले, यांपैकी काहीही असते, तरी तो संत ठरला नसता. त्याचे संतपद ज्यूंच्या अपराधावर उभे होते. म्हणून त्याच्या कबरीवर घडलेला प्रत्येक चमत्कार ही त्या अपराधाची नवी साक्ष होती. आजारी बाळ बरे झाले म्हणून मेणबत्ती लावणाऱ्या आईच्या मनात द्वेषाचा लवलेश नसेल. पण तिची मेणबत्ती जळत होती ती ओबरवेझेलच्या मेलेल्या ज्यूंवरच्या आरोपपत्रापुढे. गिबेर यांच्या विचारातली फट इथे दिसते. भक्त कुणापुढे वाकतो, एवढेच त्यांनी पाहिले. वाकताना तो कुणाकडे बोट दाखवतो, हा प्रश्न त्यांना पडला नाही, आणि पडण्याची शक्यताही कमी होती. खोट्या अवशेषांवर आसूड ओढणाऱ्या याच लेखणीतून ज्यूंविरुद्ध विखारी मजकूर उतरला आहे.

थॉमस अक्वायनस या प्रश्नाच्या जास्त जवळ जातो. तो १२७४ मध्ये, वेर्नर लहान असताना, वारला. चुकीच्या समजुतीवर चालणारी सदसद्विवेकबुद्धी माणसाला बांधते का आणि निर्दोष ठरवते का, असे दोन वेगळे प्रश्न तो विचारतो. पहिल्याचे उत्तर ‘हो’. मनाला जे योग्य वाटते त्याविरुद्ध जाणे हे पापच. दुसऱ्याचे उत्तर मात्र ‘नेहमीच नाही’. परक्या स्त्रीला आपली बायको समजून जवळ केले तर अज्ञान माणसाला वाचवते, कारण चूक वस्तुस्थितीबद्दलची आहे. परस्त्रीकडे जाण्यात गैर काहीच नाही, असे कुणी समजत असेल तर ते अज्ञान त्याला वाचवत नाही, कारण तो नियम त्याला ठाऊक असायलाच हवा होता. जे कळून घेणे आपले कर्तव्य होते आणि आळसापोटी वा सोयीपोटी कळून घेतले नाही, त्या अज्ञानाची ढाल पुढे करता येत नाही.

मग बाखाराखमध्ये काय कळणे शक्य होते? १२३५ मध्ये फुल्डा इथे असाच आळ येऊन चौतीस ज्यू मारले गेले होते. तेव्हा सम्राट फ्रेडरिक दुसरा याने ख्रिस्ती झालेल्या ज्यूंना मुद्दाम बोलावून चौकशी केली आणि १२३६ मध्ये आरोप निराधार असल्याचे जाहीर केले. प्राण्याचेही रक्त ज्यांना निषिद्ध, ते माणसाचे कसे घेतील, असा साधा युक्तिवाद त्यामागे होता. १२४७ मध्ये पोप इनोसंट चौथा याने जर्मनीतल्या बिशपांना पत्र लिहून हा आळ घेऊ नका, असे बजावले. १२७२ मध्ये पोप ग्रेगरी दहावा याने तेच पुन्हा सांगितले. म्हणजे सत्य लपलेले नव्हते. ते लॅटिनमध्ये, दप्तरांत, बिशपांच्या पेट्यांत पडलेले होते. टेकाड चढणाऱ्या शेतकरणीला ते ठाऊक नव्हते. तिला आशीर्वाद देणाऱ्याला ठाऊक असायला हवे होते. अज्ञान सगळ्यांच्या वाट्याला सारखे आलेले नव्हते आणि दोषही सारखा वाटता येत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे विनांट फॉन श्टेग. हा बाखाराखचा धर्मगुरू, शेजारच्याच श्टेग गावाच्या नावाचा, चर्चच्या कायद्यातला नामांकित विद्वान. गावातल्या धर्मगुरूंच्या वाइनवर जकात लागू होते की नाही, या वादात त्याने देशभरातल्या कायदेपंडितांची मते मागवली. मते देणाऱ्यांत मोझेलकाठच्या कूस या वाइन-गावात १४०१ मध्ये जन्मलेला एक तरुण होता. पुढे तो निकोलस कुसानुस या नावाने युरोपातला मोठा तत्त्ववेत्ता आणि कार्डिनल झाला. पिंपामागच्या जकातीसाठी एवढी कसून छाननी करणाऱ्या विनांटने त्याच काळात, १४२६ ते १४२९ मध्ये, वेर्नरला अधिकृत संतपद मिळावे म्हणून मोहीम चालवली. कबर उघडली, चमत्कारांच्या साक्षी नोंदवल्या, पोपच्या दूताला आणले, बाखाराख ज्याच्या अमलाखाली होते त्या फाल्ट्स संस्थानाच्या अधिपतीचा पाठिंबा मिळवला आणि कागदपत्रे रोमला पाठवली. तोपर्यंत त्या राजवटीतून ज्यूंना हद्दपार करूनही पस्तीसेक वर्षे झाली होती. आरोपीची बाजू मांडायला गावात कुणी उरले नव्हते. रोमने होकार दिला नाही. रखडलेले देवालय मात्र या मोहिमेच्या जोरावर १४३० च्या दशकात पुरे झाले.

कुसानुसचा पुढचा प्रवासही ध्यानात घेण्याजोगा आहे. १४५१ मध्ये पोपचा दूत म्हणून जर्मनीत फिरताना त्याने विल्सनाकसारख्या ठिकाणच्या ‘रक्तस्रावी’ ख्रिस्तप्रसादाच्या यात्रांविरुद्ध फर्मान काढले. पैशाच्या लोभाने धर्मगुरू असल्या गोष्टींना खतपाणी घालतात, असे त्याने स्पष्ट म्हटले. त्याच दौऱ्यात ज्यूंनी कपड्यांवर वेगळी खूण लावावी, असा हुकूमही त्यानेच काढला. एकाच माणसाला एक भ्रम लख्ख दिसला आणि दुसऱ्यावर त्याने शिक्का मारला. बुद्धी तीक्ष्ण असली की ती सगळीकडेच कापते, हा समज या दौऱ्यापुढे टिकत नाही.

धर्मसुधारणेनंतर फाल्ट्सची राजवट प्रोटेस्टंट झाली आणि बाखाराखची यात्रा ओसरली. पण संत तोवर प्रवासाला निघाला होता. त्याच्या अवशेषांचा एक अंश सोळाव्या शतकात पूर्व फ्रान्समधल्या बेझांसाँला गेला. तिथे वेर्नरचा ‘साँ व्हेर्निए’ झाला. बर्गंडी, फ्रांश-काँते, ओव्हेर्न्य या भागांतल्या द्राक्ष बागायतदारांनी त्याला आपला राखणदार मानले. त्याचा दिवस १९ एप्रिल. वेलींना कोंब फुटण्याचे आणि एका रात्रीच्या हिमाने वर्षाचे पीक जाण्याचे हेच दिवस. मूर्तिकारांनी त्याच्या हातात छाटणीची कोयती दिली. मिरवणुका निघाल्या, मंडळींनी निशाणांवर त्याचे चित्र लावले.

या फ्रेंच बागायतदारांमुळे प्रश्नाला नवे वळण लागते. त्यांच्यातल्या अनेकांना ओबरवेझेल कुठे आहे, हेही ठाऊक नसणार. कथेतला खून मागे पडला, कोयती पुढे आली. आरोपच गळून पडला तर पूजा स्वच्छ होते का? वर केलेल्या युक्तिवादानुसार काही अंशी हो म्हणावे लागेल, कारण ही पूजा कुणाकडे बोट दाखवत नाही. पण विसरणे म्हणजे निर्दोष होणे नव्हे. कुणीतरी चूक कबूल केली म्हणून आरोप गळला नव्हता. पीक वाचवण्याच्या घाईत तो कुणाला आठवायची गरज उरली नाही, एवढेच. आणि जे नुसते विसरले जाते ते कुणीही पुन्हा उकरून काढू शकते. मे १९३४ मध्ये ‘डेर श्टुर्मर’ या नाझी साप्ताहिकाने ज्यूंच्या कथित नरबळींवर खास अंक काढला, तेव्हा त्याला नवे काही रचावे लागले नाही. मध्ययुगातल्या जुन्या कथांची जंत्री तयारच होती.

मारले गेलेल्यांच्या बाजूनेही एक नोंदवही होती. जर्मन ज्यू समाज आपल्या हुतात्म्यांची नावे स्मरणग्रंथांत लिहून ठेवत आणि सिनेगॉगमध्ये ती वाचून दाखवत असे. न्यूर्नबर्गच्या समाजाने १२९६ मध्ये सुरू केलेल्या अशा ग्रंथात या दशकांतल्या ऱ्हाइनकाठच्या कत्तलींची नावे आहेत. कुणाची बायको, कुणाची मुले, असे एकेक करून. एका बाजूला चर्चच्या पंचांगात वेर्नर हे एकच नाव, दुसऱ्या बाजूला सिनेगॉगमध्ये माणसांच्या याद्या, आणि दोन्ही नोंदी शतकानुशतके एकमेकींना न भेटता वाचल्या जात होत्या. पुढे हाइन्रिख हाइने या ज्यू घराण्यात जन्मलेल्या कवीने ‘बाखाराखचा रब्बी’ ही कादंबरी लिहायला घेतली. तिच्यात वल्हांडणाच्या जेवणाला पाहुणे म्हणून आलेले दोन अनोळखी इसम टेबलाखाली मुलाचे प्रेत सरकवून ठेवतात. रब्बीच्या ते लक्षात येते आणि तो बायकोला घेऊन रातोरात पळतो. १८२४ मध्ये सुरू केलेले हे लेखन हाइनेने १८४० मध्ये अपुरेच छापले. त्याच वर्षी दमास्कसमध्ये एक ख्रिस्ती साधू बेपत्ता झाला होता आणि हाच जुना आळ तिथल्या ज्यूंवर आला होता.

देवालय मोडले ते कुठल्या पश्चात्तापाने नव्हे. १६८९ मध्ये फ्रेंच सैन्याने श्टालेक किल्ला सुरुंगाने उडवला, वरचे दगड देवालयावर कोसळले, आणि पुढच्या शतकात छपरासह धोकादायक भाग उतरवला गेला. उरलेला सांगाडा एकोणिसाव्या शतकातल्या चित्रकारांना आणि प्रवाशांना वेड लावून गेला. व्हिक्टर ह्यूगोने आपल्या ऱ्हाइन-प्रवासवर्णनात बाखाराखचे वर्णन केले, वाफेच्या बोटींतून पर्यटक येऊ लागले. अवशेष इतका सुंदर होता की तो कशाचा आहे, हे विचारण्याची गरज फारशी कुणाला वाटली नाही.

त्रियरच्या धर्मप्रांताने १९६३ मध्ये वेर्नरला आपल्या पंचांगातून काढले. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘नोस्त्रा एताते’ हे निवेदन काढून ज्यूद्वेषाचा निषेध केला आणि त्याच वर्षी इटलीतल्या त्रेंतोच्या सिमोन या अशाच बालसंताची पूजा बंद झाली. पण पूजा बंद करणे कागदावर सोपे असते. ऑस्ट्रियातल्या रिन गावच्या आंडर्ल या बालकाची पूजा बिशप राइनहोल्ड श्टेखर यांनी १९९४ मध्ये अधिकृतपणे बंद केली, तरी काही जणांनी खासगीरीत्या यात्रा चालूच ठेवल्या. या यात्रेकरूंपाशी बाखाराखचे टेकाड चढणाऱ्या शेतकरणीची सबब उरत नाही. सत्य आता त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच चर्चच्या दारात सांगितलेले आहे.

ओबरवेझेलमध्येही वेर्नरच्या नावाचे एक देवालय होते; २००८ मध्ये ते नाव बदलून त्याला एका जोगिणीचे नाव दिले गेले. बाखाराखने दुसरी वाट धरली. १९८० आणि १९९० च्या दशकांत अवशेष भक्कम केला, नाव तेच ठेवले, आणि १९९६ मध्ये तिथे एक फलक लावला. ज्यूंवर झालेल्या अत्याचारांचे स्मरण त्यावर आहे, आणि पोप जॉन तेविसावा यांच्या नावे असलेल्या पश्चात्तापाच्या एका प्रार्थनेतला उतारा आहे.

बाखाराखची वाट जास्त अवघड आणि जास्त उपयोगाची आहे. नाव बदलले की पुढच्या पिढीला विचारायला काही उरत नाही; नाव ठेवून खाली खरे काय ते लिहिले, की येणाऱ्याला थांबून वाचावे लागते. या वाटेलाही विरोध आहे आणि तो हलका नाही. विटेनबर्गच्या चर्चवरच्या ज्यूंची विटंबना करणाऱ्या शिल्पाचा खटला जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला. २०२२ मध्ये न्यायालयाने ते काढायला नकार दिला आणि त्यामागे खालच्या स्मृतिफलकाचा आधार घेतला. ज्यांच्या पूर्वजांवर तो दगड थुंकला, त्यांना ‘खाली टीप वाचा’ असे सांगणे पुरेसे आहे का, हा प्रश्न निकालाने संपला नाही.

शिवाय टीप तरी अचूक हवी. बाखाराखच्या फलकावरची प्रार्थना पोप जॉन यांचीच आहे, याला आधार सापडत नाही. ती त्यांच्या मृत्यूनंतरच पसरली, आणि अभ्यासक ती त्यांची मानत नाहीत. या खोट्या नावाने कुणाचे रक्त सांडलेले नाही, आणि ते पुसले तरी वरच्या शब्दांतला पश्चात्ताप कुणाही ख्रिस्ती माणसाच्या तोंडी खराच राहील. वेर्नरच्या कथेतून ज्यूंवरचा आरोप काढला तर मात्र संतच उरत नाही. तेव्हा दोन्ही खोट्यांना एका मापाने मोजता येणार नाही. पण मोठ्या माणसाच्या नावाने सांगितले की लोक ऐकतात, हा हिशेब विनांट फॉन श्टेगलाही ठाऊक होता. त्या फलकाखालचे नाव बदलणे ही एका दिवसाची दुरुस्ती आहे, आणि वेर्नरबद्दल खरे सांगायचे ठरवलेल्या गावाने ती करायला हवी.